गाडी अख्खी आली का? बालवाडीतल्या आगगाडी प्रकल्पाच्या नोंदी

सोलापूर, पूर्व भाग. मधला आणि मोठा गट मिळून १९ मुलं, वय साडेतीन ते सहा. मी आणि मदतीला मावशी. मुलांची नावं नोंदीत घातलेली नाहीत, आईबापांना विचारलेलं नाही म्हणून.

२० जानेवारी २०२५, सोमवार

संक्रांत होऊन सहा दिवस झाले तरी मुलांच्या डोक्यातला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उतरलेला नाही. सकाळच्या गप्पांत होम मैदानावरचं सगळं निघालं: पाळणे, बुढ्ढीके बाल, शिट्टीवाले फुगे आणि छोटी रेल्वे. रेल्वेपाशी गप्पा थांबल्या त्या पुढं सरकेनात. जुळ्यांतला मोठा म्हणाला, "ती खोटीये. गोलगोलच फिरते. खरी हैदराबादला जाते." त्याची आत्या तिकडं असते. आमच्या भागात निम्म्या घरांचं कुणी ना कुणी तिकडं असतंच.

मग हाच विषय घ्यायचा ठरलं. चार आठवडे, शेवटी जमलं तर खरा प्रवास.

फळ्यावर गाडी काढली. इंजिन, धुराडं, धुराचे गोळे, मागं तीन डबे. टोपीवाल्यानं (वर्गातही माकडटोपी काढत नाही तो) विचारलं, "बाई, गाडीला आग लागली का?" मी म्हटलं, पूर्वी धूर यायचा. "मग आत्ताची काढा की."

आत्ताची मला काढता येईना. खडू हातात धरून उभी राहिले. वरच्या तारेला टेकणारी ती घडी कशी वळलेली असते, डब्याच्या खाली नेमकं काय लोंबत असतं, दोन डब्यांच्या मधे काय असतं, काही आठवेना. जन्म सोलापुरात गेला, स्टेशन रिक्षानं पंधरा मिनिटांवर, आणि हात मात्र न पाहिलेलं इंजिन काढतो. भिंतीवरचा विकतचा तक्ताही धुराचाच. संध्याकाळी तो उतरवून कपाटामागं सरकवला.

२१ जानेवारी, मंगळवार

घरी गाडीला काय म्हणतात ते विचारून यायला सांगितलं होतं. तेलुगू घरांतून रैलु बंडी आली. डब्याला पेट्टे, म्हणजे पेटीच. कन्नड घरांतून नुसतं रैलु. पण एकीची आजी उगिबंडी म्हणते. उगि म्हणजे वाफ. आपल्या मराठीत आगगाडी. नावांत आग आणि वाफ अजून बसलेली आहे, रुळावर मात्र दोन्ही नाहीत. हे मुलांना सांगितलं नाही, त्यांना काही पडलेली नव्हती. त्यांना "पेट्टे" म्हणत टाळ्या वाजवायच्या होत्या. वाजवल्या.

२३ जानेवारी, गुरुवार

किराणा दुकानातून खोकी आणली, साबणाची आणि बिस्किटाची मिळून सात. भोकं पाडून सुतळीनं जोडली. माझ्या आराखड्यात पहिला आठवडा "इंजिन" असा होता. झालं असं की इंजिन व्हायला सहाजण आणि डबे ओढायला कुणी नाही. दोन रडारडी, एक चावा.

गाडी ओढली की प्रत्येक वळणावर तिसऱ्या आणि चौथ्या खोक्याच्या मधे तुटायची. रिबिनवाली त्या जागेवरच बसून राहिली. सुतळी ओवायची, ओढून बघायची, तुटली की परत. मधे चिकटपट्टी लावून पाहिली, मग पट्टीवर पट्टी. घड्याळ पाहिलं तर पंचवीस मिनिटं झालेली. एरवी ही मुलगी मणी ओवताना पाच मिनिटांत उठते.

आराखड्यातला "इंजिन" खोडून "जोड" लिहिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

रिबिनवालीचे वडील सोडायला आले होते. यंत्रमागावर असतात, रात्रपाळी करून थेट आलेले, डोळे लाल. खोक्यांची गाडी बघून उकिडवे बसले आणि माझी दुहेरी गाठ नखानं सोडवून टाकली. म्हणाले, "ही फुगते आणि सुटते बी." एका सुतळीचं टोक दुमडून नाकं केलं. दुसरी सुतळी त्या नाक्यातून खालून वर काढली, नाक्याच्या मागून फिरवली आणि तिच्याच पोटाखाली दाबली. ओढलं. गाठ चपटी, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी. मागावर धागा तुटला की असाच सांधायचा. गाठ जाड राहिली तर फणीतून जात नाही.

मला तीन वेळा दाखवावी लागली. लेकीला एकदाही नाही, तिला येतच होती. मग काल का मारली नाही विचारलं तर म्हणाली, "ती दोऱ्याची असते. ही सुतळीये."

भोकं फाटू नयेत म्हणून आतून पेन्सिलीचा तुकडा आडवा घातला. गाडी सगळ्या अंगणाला फेरी मारून आली. तुटली नाही.

२७ जानेवारी, सोमवार

अंगणात खडूनं रूळ आखले, खऱ्या मापाचे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असतं. पट्टी लावून आखलं तेव्हा मलाच पटेना. मी पाच फूट एक इंच. आडवी झाले, डोकं एका रुळाला टेकवलं तर पाय दुसऱ्याला पोचेनात. मुलं हसून लोळली. मावशींना म्हटलं तुम्ही झोपून बघा. त्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं. शेवटी टोपीवाला आडवा झाला आणि उरलेल्या जागेत सगळ्यात धाकटी मुटकुळं करून बसली. नेमकं बसलं.

मग डबा. हल्ली लाल रंगाचे जे एलएचबी डबे असतात, त्यांची लांबी २३.५४ मीटर. तेवढा दोर मापून अंगणाच्या कोपऱ्यातून सोडायला लागलो. अंगण संपलं, फाटक संपलं, दोर बोळात गेला तो पानटपरीपर्यंत. टपरीवाले म्हणाले, "काय मोजालाव बाई? रस्ता रुंद होणारे का काय?" एक डबा आहे म्हटल्यावर त्यांनी बाहेर येऊन दोराकडं नीट पाहिलं.

मुलांना दोराकडेनं हात पसरून उभं केलं, बोटाला बोट. एकोणीस मुलं पुरली नाहीत. मी लागले, मावशी लागल्या, तरी थोडा उरला. टपरीवाल्यांनी हात पसरला तेव्हा दोर संपला. एवढा एक डबा आणि लांब गाडीला असे वीस-बावीस. मोठ्या गटातल्या दोघांनी ते ऐकून एकमेकांकडं पाहिलं. बाकीच्यांचं लक्ष टपरीवरच्या बरण्यांकडं.

२९ जानेवारी, बुधवार

पहिली स्टेशनभेट, फक्त मोठा गट, ८ मुलं आणि ५ पालक. आधी जाऊन रीतसर विचारून आले होते. प्लॅटफॉर्म तिकिटं काढायची, पिवळ्या पट्टीच्या आत राहायचं, बस्स.

पिवळी पाटी आधी वाचली. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते. "समुद्र कुठंय?" म्हटलं, इथं नाही. "मग कशाला लिहिलंय?" पटणारं उत्तर देता आलं नाही.

पलीकडच्या प्लॅटफॉर्मला एक रिकामी गाडी उभी होती. तिच्या टोकाशी गेलो. शेवटच्या डब्याच्या मागं, खाली मधोमध, एक लोखंडी मूठ. बोटं वाकवून हात पुढं केल्यासारखी, उघडी. रिबिनवाली खाली बसून तिच्याकडं बघत राहिली. डबे तपासणारे एक काका चालले होते. त्यांनी आपल्या दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवून दाखवली. "असं. पुढच्याची मूठ हिच्यात बसली की आतून कुलूप पडतं." याला सीबीसी म्हणतात, सेंटर बफर कपलर. जुन्या निळ्या डब्यांना दोन बाजूंना गोल बफर आणि मधे स्क्रू फिरवून ताणायची कडी असायची. मुठीच्या शेजारी रबरी नळ्या लोंबत होत्या. त्यांत ब्रेकची हवा असते.

"आणि तुटली तर?" विचारणारी अर्थातच रिबिनवाली.

काका म्हणाले, "तर नळी पण सुटते, हवा जाते फुस्स करून, आणि ब्रेक आपोआप लागतात. पुढचा तुकडा पण थांबतो, मागचा पण." म्हणजे हवा भरलेली असते तोवर ब्रेक सुटलेला, आणि हवा गेली की लागलेला. मला हे उलटं वाटत होतं.

डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली होती. ती फक्त शेवटच्या डब्यावर बघतात. गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस फुली दिसते का पाहतो. दिसली म्हणजे गाडी अख्खी आली. नाही दिसली तर काही डबे मागं कुठंतरी रुळावर राहिलेत, आणि मग मागच्या गाडीला सोडायचं नाही. रात्री फुली दिसत नाही म्हणून लाल दिवा.

निघता निघता एका इंजिनानं अगदी जवळून भोंगा दिला. मोरपिशी स्वेटरवाली थरथरायला लागली, आईच्या पदरात शिरली ती रिक्षात बसेपर्यंत बाहेर आली नाही. चूक माझी. भोंग्याबद्दल आधी बोलायला हवं होतं. रूळ मापले, दोर सोडला, आणि आवाजाचं डोक्यातच आलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आगगाडीचा खेळ आता वेगळाच झालाय. पूर्वी पुढच्याचा शर्ट धरायचे, आठवड्याला एक बटण जायचं. आज एक हात पुढं, एक मागं, बोटं वाकवून मुठीत मूठ. कुठं सुटली तर दोघांनी ओरडायचं "फुस्स!" आणि सगळ्यांनी जागेवर पुतळा व्हायचं. नियम मी केलेला नाही. जो शेवटी असेल त्याच्या पाठीवर खडूची फुली, आणि दारातला माणूस (दर फेरीला नवा) फुली बघून ओरडतो, "अख्खी आली!"

आता इंजिन कुणालाच नको. फुलीसाठी भांडणं.

१ फेब्रुवारी, शनिवार

गोष्टीचा तास. गोष्ट खरी होती. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढं रूळ घाटाखाली खोपोलीपर्यंत आले. घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत १८५८ मध्ये गाडी सुरू झाली, १८६० मध्ये ती सोलापुरापर्यंत पोचली. पण मधला बोरघाट फोडून झालेलाच नव्हता. तो पुरा व्हायला १८६३ उजाडलं. म्हणजे तीन वर्षं सोलापुरात गाडी होती, मुंबईत गाडी होती, आणि मधे सांधाच नव्हता. लोकांनी खाली उतरायचं, पालखीतनं नाहीतर तट्टावरनं घाट चढायचा आणि वर दुसऱ्या गाडीत बसायचं.

बाकांचा घाट करून हे खेळलो. पालखी म्हणून मावशींची चादर, अर्थातच सोलापुरी. शेवटी घाटात बोगदे पाडले, २५. हाताच्या कमानी करून पंचवीस मोजताना मुलं अकरापाशीच गळपटली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जुळ्यांची आजी आली होती, माहेर बार्शीचं. बार्शी लाइटबद्दल बोलायला मीच गळ घातली होती. ही छोटी गाडी १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी सुरू झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं बांधलेली. पुढं तिचे रूळ पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेले. आता त्या वाटेवर सगळीकडं ब्रॉडगेज आहे.

आजी मुलांना म्हणाल्या, "अशी हळू जायची की पोरं उतरायची, बोरं तोडायची आन् पळत येऊन परत चढायची." मुलांनी हे जसंच्या तसं खरं मानलं. मीही मानते. रूळ ७६२ मिलिमीटरचे. ते मोठ्या रुळांच्या आत आखून दाखवले तेव्हा सगळ्यात धाकटीही आडवी मावेना. आजी त्या दोन रेघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "एवढीशीच होती का गं?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

पालकसभा. प्रवास सोलापूर ते होटगी, १५ किलोमीटर, पॅसेंजरनं. दोन पालक म्हणाले एवढंसं कशाला, पंढरपूरला जाऊ. म्हटलं, या वयाला गाडीत वीस मिनिटं पुरतात, आणि होटगी जंक्शन आहे. विजयपूरकडची लाइन तिथंच फुटते.

तिकिटाचं: पाच वर्षांखालच्यांना लागत नाही, पाच ते बाराच्या आतल्यांना जनरलमध्ये अर्धं. आमचे १२ फुकट, ७ अर्धे. जन्मतारखेच्या झेरॉक्स बरोबर. मोठी माणसं ११ ठरली. डबा: पोळी आणि शेंगाची चटणी. चटणी कमी तिखट करा असं तीनदा सांगितलं.

मोरपिशी स्वेटरवालीची आई थांबली. ती येणार नाही म्हणते. म्हटलं, नको आणू. नंतर वाटलं तर बघू.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुंबई-सोलापूर वंदे भारत दोन वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला सुरू झाली. जुळ्यांतला धाकटा वडिलांबरोबर पहाटे बघून आला आणि तक्रार घेऊन आला: "तिला इंजिनच नाही. ओढतं कोण?" निम्म्या डब्यांच्या पोटाखाली मोटारी असतात, चालवणाऱ्याची खोली दोन्ही टोकांना. खेळून पाहिलं: एकाआड एक मुलानं जोर लावायचा. गाडी भलतीच पळाली, मावशींच्या बादलीवर आदळली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रवास झाला.

१८ मुलं. दोराला गाठी मारून प्रत्येकाला एक गाठ (रिबिनवालीच्या वडिलांची), छातीला माझ्या फोन नंबरची चिठ्ठी. घरून निघताना शू, स्टेशनवर शू, गाडी दिसायला लागल्यावर परत तिघांना शू.

डब्यात गर्दी बेताची. लोकांनी खिडक्या सोडल्या. गाडी हलली तेव्हा कुणीच ओरडलं नाही, मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. सगळे गजांना नाकं लावून गप्प. काम दिलं होतं: खडाखड आवाज आला की हात वर. वाट बघत बसले, आवाज येईना. पूर्वी रुळांचे तुकडे पट्ट्या आणि बोल्टांनी जोडायचे, मधे फट राहायची, त्या फटीवर चाक आपटून तो ठेका यायचा. आता रूळ लांबच्या लांब वितळवून सांधलेले असतात. चाकाला जोड कळतच नाही. स्टेशनाच्या आसपास गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथं, सांध्यावर, एकदम खडखडखड झालं आणि अठरा हात वर गेले. शेजारचे एक आजोबाही दचकून हात वर करून बसले.

टिकेकरवाडी गेलं. पुढं टोपीवाला किंचाळला, "धूर! बाई, धूर!" लांबवर फताटेवाडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. कोळसा जाळून तिथं वीज करतात, ६६० मेगावॉटचे दोन संच, आणि कोळसा येतो तोही मालगाडीनं. आमच्या गाडीच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट. आमच्याच तारेतली वीज तिथली, असं काही मी म्हटलं नाही. सगळीकडची वीज एकत्र होते. एवढंच सांगितलं की गाडीला अजूनही कुठंतरी काहीतरी जळावं लागतं. तो बराच वेळ मान मागं वळवून बघत होता. महिन्यापूर्वी माझ्या चित्रातला धूर त्यानंच खोडायला लावला होता.

समोरच्या एका आजींनी ओंजळभर बोरं पुढं केली. अनोळखी माणसाकडून खायचं नाही हा नियम आम्हीच शिकवलेला. मुलांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, आजी रुसल्या. उतरताना बोरं पिशवीत घेऊन "घरी धुऊन देते" म्हटलं तेव्हा हसल्या. नियम बरोबरच आहे, पण माझा जीव थोडा झाला होता.

होटगीत डबे खाल्ले. चटणी तिखटच होती, पाणी निम्म्यात संपलं. परतीची गाडी पाऊण तास उशिरा. तेवढ्यात प्लॅटफॉर्मवर फुलीचा खेळ, दोन मालगाड्यांचे डबे मोजणं (एकीचे ५८ झाले, एकीचे "खूप"), आणि चौघं मांडीवर गाढ. येताना मीही पेंगले. मावशींनी तीनदा मोजणी केली, माझ्यावर विश्वास न ठेवता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चित्रं काढायला दिली, काही न सांगता. अठरांपैकी एकातही गाडीवर धुराडं नाही. टोपीवाल्यानं धूर काढलाय, पण कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथून गाडीपर्यंत एक लांब रेघ. सातजणांनी नुसती मूठ काढली. एकानं फक्त बोरं.

मोरपिशी स्वेटरवालीनं बस काढली. म्हणाली, बस बरी असते. तिचंही भिंतीवर लावलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खोक्यांची गाडी मोडली. पाच खोकी रद्दीत, दोन जुळ्यांनी घरी नेली. दोर ठेवलाय. विकतचा तक्ता कपाटामागंच आहे.

शाळा सुटायच्या वेळी शेवटचा फुलीचा खेळ. सगळे गेले, मावशी गेल्या, मी कुलूप लावून निघाले. मंडईतून भाजी घेतली, बँकेत उभी राहिले, चुलत दिराच्या घरी अर्धा तास बसले. रिक्षाची वाट बघताना मागून कोथिंबीरवाली म्हणाली, "ओ बाई, साडीवर फुली कुणी काढली?"